पवईचे फ्रामजी कावसजी आणि विहारचे पाणी

साष्टी बेटाचा इतिहास दोन तुकड्यांत वाचावयाची आपणां सर्वांस सवय झालेली आहे. पहिला तुकडा पोर्तुगीजांचा व चिमाजी आपांचा. तो १७३९ च्या वसईच्या विजयापाशी संपतो. दुसरा तुकडा आगगाडीचा. तो १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास निघालेल्या पहिल्या गाडीबरोबर सुरू होतो. मधल्या शतकाभराच्या वाट्यास दोन ओळी येतात. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला ही एक ओळ, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली ही दुसरी. परंतु साष्टीची जमीन कोणाच्या हाती गेली, तीत काय लावले गेले, आणि तिच्या डोंगरांतून वाहणाऱ्या पाण्यावर कोणाचा हक्क मानला गेला, हे तिन्ही प्रश्न याच उपेक्षित काळातले आहेत. प्रस्तुत लेखात या तिन्ही प्रश्नांस एकत्र स्पर्श करणारे एक चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते चरित्र पवईचे इजारदार, उसाचे बागाईतदार, मुंबईचे लोकाग्रणी व दाते फ्रामजी कावसजी बनाजी यांचे होय.

मुंबईस धोबीतलावाच्या चौकात ज्यांचे येणेजाणे असते त्यांस हे नाव परिचित आहे. तेथील सार्वजनिक तलावास फ्रामजी कावसजींचे नाव होते. तलाव बुजला, तरी त्यालगतच्या सभागृहास ते नाव चिकटून राहिले. परंतु त्या नावाचा ठाण्याशी काही संबंध आहे, याची कल्पना ठाणेकरांस क्वचितच असते. कारण उघड आहे. पवई, कुर्ले, घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही गावे आज मुंबईत मोडतात. परंतु १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निराळा काढीपर्यंत ती सारी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातली होती. त्या गावांचे वसूल, खटले व तक्रारी ठाण्याच्या कचेरीत चालत. तेव्हा पवईच्या इजारदाराचे चरित्र हे ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाचेच प्रकरण आहे, असे म्हणण्यात आम्ही काही ओढाताण करीत नाही.

फ्रामजींचा जन्म १७६७ चा. बनाजी घराण्याचा मूळ पुरुष बनाजी लिमजी हा सुरतेकडून १६९० मध्ये मुंबईस आला. १७०९ मध्ये त्याने कोटात बांधलेली अग्यारी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढील पिढ्यांनी समुद्रव्यापारात पैसा मिळविला. फ्रामजींचे धाकटे बंधू रुस्तमजी कावसजी कलकत्त्यास जाऊन तेथील बड्या जहाजमालकांत गणले गेले. घराण्याचा धंदा असा सर्वस्वी समुद्रावरचा. अशा घरातील पुरुष साठी उलटल्यावर डोंगराच्या कुशीतील सहा खेड्यांत ऊस लावण्यास जातो, हीच गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

साष्टी हाती आल्यावर कंपनी सरकारास एक अडचण जाणवू लागली. बेट मोठे, मुंबईच्या दाराशी, आणि तरीही बरेचसे पडीत. मुंबईचे पोट भरण्यास धान्य घाटावरून व बाहेरून आणावे लागे. खाडीपलीकडचे कल्याण १८१७ पर्यंत पेशव्यांच्या अमलात होते. सरहद्द अशी डोळ्यांसमोर असता आपल्या बेटात तरी पुरते पिकावे, ही इंग्रजांची इच्छा स्वाभाविक होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारने साष्टीतील गावे मुंबईच्या धनिकांस दीर्घ मुदतीने लावून देण्यास आरंभ केला. मालकांनी पैसा घालावा, जमीन सुधारावी, सरकारास ठराविक खंड द्यावा, अशी योजना होती. शीवचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पुरा होऊन मुंबई साष्टीस जोडली गेली, तेव्हा या गावांचे मोल आणखी वाढले. १७९९ मध्ये पवईची इस्टेट डॉ. स्कॉट यास मिळाली. १८०३ मध्ये लगतची भांडुपची इस्टेट ल्यूक ॲशबर्नर यास मिळाली. हा मुंबईचा आल्डरमन व ‘बाँबे कुरियर’ पत्राचा संपादक. पवई स्कॉटकडून पुढे सरकारजमा झाली आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजींस देण्यात आली. भांडुप १८१७ मध्ये ॲशबर्नरने आपला विश्वासू कारभारी कावसजी माणेकजी यास विकली. या कारभाऱ्याने धन्याचे नावच आडनाव म्हणून स्वीकारले, आणि कावसजी माणेकजी ॲशबर्नर असा विलक्षण नामोल्लेख कागदांत येऊ लागला. येथे संग्राहकांस एक सूचना करून ठेवतो. पवईचे फ्रामजी कावसजी व भांडुपचे कावसजी माणेकजी या दोन भिन्न घराण्यांतील व्यक्ती होत. नुसते ‘कावसजी शेट’ एवढेच लिहिलेला कागद हाती आला तर आधी गावाचे नाव पाहावे व मग माणूस ठरवावा.

फ्रामजींकडे आलेल्या इस्टेटीत पवई, तिरंदाज, कोपरी, साकी, पासपोली व तुंगवे ही गावे होती. पहिल्या दीड वर्षात त्यांनी तेथे काय केले, याचा साक्षीदार लहानसहान नाही. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने अधिकार सोडताना ३० नोव्हेंबर १८३० रोजी जे विस्तृत टिपण लिहिले, त्यात पवईस दिलेल्या भेटीचा वृत्तान्त आहे. विहिरी खणल्या, घरे बांधली, उत्तम रस्ता केला, ऊस, नीळ व रेशमाच्या किड्यांसाठी तुती यांची मोठी लागवड केली, साखरेचा कारखाना उभारला व तो प्रत्यक्ष चालताना आपण पाहिला, निळीच्या कारखान्याच्या इमारती झाल्या, आणि इजाऱ्याच्या अटींनी जेवढा खर्च करणे भाग होते त्याहून अधिक या गृहस्थाने केला, असा त्या वृत्तान्ताचा आशय आहे. माल्कम हा फ्रामजींचा चाहता होता, आणि साष्टी अशा लोकांच्या हाती देण्याचे धोरण स्वतः त्यास प्रिय होते. त्यामुळे त्याच्या स्तुतीतून काही वजा करावेच लागेल. पण विहिरी, रस्ता, चरक व इमारती या डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तू आहेत. त्या नसताना आहेत असे गव्हर्नर लिहीत नाही. माल्कमच्याच कारकीर्दीत पश्चिम हिंदुस्थानची कृषी व उद्यान सोसायटी निघाली, आणि फ्रामजी तिच्या पुढाऱ्यांत होते. १८३८ मध्ये त्यांनी विलायतेस व्हिक्टोरिया राणीकडे मुंबईचे आंबे पाठविले, ही गोष्ट पारशी चरित्रकार मोठ्या कौतुकाने सांगतात. आंब्यांचे काय झाले असेल ते असो. आगबोटीची नवी वाट खुली होताच तिच्यावर फळ चढविणारा मनुष्य हाडाचा व्यापारी होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

आता उसाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुढील सारा तंटा उसाशिवाय समजणार नाही. ठाणे जिल्ह्यास ऊस नवा नव्हता. वसईच्या वाड्यांतून पोर्तुगीजांच्या काळापासून ऊस होत आला होता. तेथील जमीन रेताड, विहिरींस हातभर खोलीवर गोडे पाणी, आणि वाडवळी बागाईतीची पिढीजात कसब असलेले हात. रहाट फिरवावा, पाट सोडावा, वर्षभर ऊस हिरवा ठेवावा. पवईची गोष्ट उलट. तेथे काळ्या खडकावर मातीचा पातळ थर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ऐंशी-नव्वद इंच पाऊस कोसळतो, आणि दसरा उलटला की ओढे आटू लागतात. भात या रीतीस जुळते. ते पावसात वाढते व पावसापाठोपाठ कापणीस येते. उसास दहा-बारा महिने, किंबहुना त्याहून अधिक काळ लागतो, आणि त्यातील आठ महिने साष्टीच्या आकाशातून थेंब पडत नाही. म्हणजे पवईस ऊस लावणे हा जमिनीचा प्रश्न नव्हता, कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या पाण्याचा होता. फ्रामजींनी प्रथम विहिरी खणल्या याचे कारण हेच.

अशा ठिकाणी ऊस लावण्याचे धाडस करावेसे वाटण्यास त्या काळी बाहेरची कारणेही होती. विलायतेत साखर हे चैनीचे पदार्थ न राहता रोजच्या चहाचे अंग झाले होते. वेस्ट इंडीज बेटांतील साखर गुलामांच्या कष्टाने होई. गुलामगिरीविरुद्ध इंग्लंडात चळवळ वाढली, १८३३ मध्ये तिच्या निर्मूलनाचा कायदा झाला, आणि आता हिंदुस्थानची साखर पुढे येणार असा अंदाज पुष्कळांनी बांधला. वसईच्या किल्ल्यात लिंगार्ड नावाच्या इंग्रजाने १८३० च्या सुमारास सरकारी साह्याने साखरेचा असाच उद्योग मांडला होता. तो लवकरच वारला व उद्योग फसला. परंतु अंदाज बांधणाऱ्यांनी जकातीचे कोष्टक नीट पाहिले नव्हते. मॉरिशसच्या साखरेस १८२५ पासूनच वेस्ट इंडीजच्या बरोबरीची सवलत होती. हिंदुस्थानच्या साखरेवरील जादा जकात १८३६ मध्ये उठली, पण तीही प्रारंभी केवळ बंगाल इलाख्यापुरती. मुंबई इलाख्याचा बागाईतदार या शर्यतीत मागच्या ओळीत उभा राहिला. त्याच्या बंदरात मॉरिशसची साखर स्वस्त उतरे, आणि त्याची स्वतःची साखर विलायतेच्या बाजारात महाग पडे. पवईच्या साखरेस मोठा बाजार लाभला नाही यात फ्रामजींच्या उत्साहाचा दोष नाही. अर्थात व्यापारी मनुष्याने जकात आधी पाहावयास हवी होती, असे कोणी म्हटल्यास त्यासही आम्ही विरोध करणार नाही.

भांडुपच्या इस्टेटीचे वैभव निराळ्या पायावर उभे होते. तेथे रमचा कारखाना होता व सरकारी फौजेस रम पुरविण्याचा मक्ता इस्टेटीबरोबरच कावसजी माणेकजींकडे आला होता. ॲशबर्नरकडून इस्टेट घेताना त्यांनी ५०,००० पौंड मोजले असे सांगतात, आणि कारखान्याचा माल वर्षाला सुमारे १,००,००० गॅलन निघे. एवढ्या उत्पन्नास पाणी अतोनात लागे. आंबविण्यास पाणी, वाफ थंड करण्यास पाणी, पिंपे धुण्यास पाणी. ते पाणी विहारच्या ओढ्यातून एका पाटाने भांडुपकडे नेलेले होते. विहारचे खोरे आणि पवई ही लगटून असलेली ठिकाणे. उन्हाळ्यात ज्या मोसमात पवईच्या उसाची मुळे कोरडी पडत, त्याच मोसमात शेजाऱ्याच्या भट्ट्यांकडे पाण्याची धार वाहत जाताना फ्रामजींस दिसत होती.

फ्रामजींनी तो पाट तोडला. भांडुपचा कारखाना अडचणीत आला, आणि कावसजी माणेकजी न्यायदरबारी गेले. हा दावा १८३२ चा. चौकशीत असे सिद्ध झाले की भांडुपचा कारखाना अठरा वर्षांहून अधिक काळ या पाटाचे पाणी घेत आला असून त्यास कोणी हरकत घेतली नव्हती. सदर अदालतीने निकाल भांडुपच्या बाजूने दिला.

या अठरा वर्षांच्या आकड्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. १८३२ मधून अठरा वजा केले की आपण १८१४ च्या आसपास येतो. त्या वेळी पवई फ्रामजींकडे नव्हती. भांडुपही अद्याप ॲशबर्नरकडेच होती. म्हणजे पाटाची वहिवाट दोन्ही वादींच्या आधीची होती. फ्रामजींनी १८२९ मध्ये इस्टेट घेतली तेव्हा तो पाट पंधरा वर्षे वाहत होता, आणि तीन वर्षांच्या आत त्यांनी तो तोडला. शेजाऱ्याने नव्याने केलेल्या आगळिकीस त्यांनी दिलेले हे उत्तर नव्हते. जुन्या व्यवस्थेसह घेतलेल्या जमिनीवर नव्या मालकाने आपला हक्क पुरा वसूल करण्याचा तो प्रयत्न होता. अदालतीने वहिवाटीस मान दिला, आणि आमच्या मते तो निकाल योग्य होता. आपल्याकडील गावगाड्यात पाटाच्या पाण्याची पाळी कशी ठरते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांस हे सांगणे नको. पाण्याचा उगम कोणाच्या शिवारात आहे हे तेथे दुय्यम ठरते. पाळी कोणाची व किती पिढ्यांची आहे हे आधी पाहतात. फ्रामजींस हा रिवाज ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

फ्रामजींच्या चरित्रकारांनी हा खटला बहुधा वगळला आहे. ठाण्याच्या गॅझेटिअराचा चौदावा खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठिकाणे इंग्रजी वर्णक्रमाने दिलेली असल्याने भांडुप आरंभी येते व पवई पुष्कळ पुढे. एका ठिकाणची हकीकत वाचणारा दुसरीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे पवईचा उद्योगी बागाईतदार आणि पाट तोडणारा शेजारी ही जणू दोन माणसे होऊन बसली आहेत. आम्हांस मात्र हा खटलाच त्यांच्या साऱ्या चरित्राची किल्ली वाटतो. ते का, हे सांगण्यापूर्वी त्यांच्या सार्वजनिक आयुष्याकडे वळले पाहिजे.

त्यांचे सार्वजनिक कार्य याच सुमारास भरास आले. १८३२ च्या पार्लमेंटच्या कायद्याने एतद्देशीय लोकांस ग्रँड ज्युरीत बसण्याचा व जस्टिस ऑफ द पीस होण्याचा मार्ग मोकळा झाला. १८३४ मध्ये मुंबईत जे पहिले हिंदी जस्टिस नेमले गेले त्यांत जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई, ढाकजी दादाजी यांच्यासमवेत फ्रामजी कावसजी होते. नगरपालिका अद्याप जन्मास आली नव्हती. शहराच्या रस्त्यांची व सफाईची व्यवस्था जस्टिस मंडळीच पाहत. त्या काळी हिंदी मनुष्यास राजकारणात शिरण्यास दरवाजा होता तो हाच, आणि तोही अगदी अरुंद.

शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी घेतलेली बाजू मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. १८४० मध्ये मुंबई इलाख्याचे बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. त्यात तीन हिंदी सभासद होते: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहीम मकबा. १८४३ पासून सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष झाले. वरिष्ठ शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे व पैसा तिकडेच वळवावा, असा त्यांचा आग्रह. कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली, आणि १८४७ च्या वादात तिन्ही हिंदी सभासद जर्व्हिसांच्या पाठीशी उभे राहिले. जगन्नाथ शंकरशेटांचे त्या वेळचे टिपण प्रसिद्धच आहे. परंतु सामान्य रयतेच्या मुलास ज्ञान त्याच्या घरच्या भाषेत मिळाले पाहिजे, या मतावर ऐंशी वर्षांच्या एका पारशी व्यापाऱ्यानेही आपले वजन टाकले होते, ही गोष्ट त्या टिपणाच्या सावलीत दिसेनाशी झाली आहे. त्यांचा व्यापार इंग्रजांशी, उठणेबसणे गव्हर्नरांशी. इंग्रजीची बाजू घेण्यात त्यांचे नुकसान काहीच नव्हते. पवईच्या सहा खेड्यांत शेतकऱ्यांशी पडलेला संबंध या मतामागे असावा असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

आता त्यांचे दान. बनाजी बंधूंनी पित्याच्या स्मरणार्थ उभारलेले आतशबेहराम १८४५ चे. ते चर्नी रोडजवळ आजही आहे. तो धर्मादाय स्वजातीपुरता झाला. सर्व जातींच्या लोकांस पोचलेले फ्रामजींचे दान पाण्याचे आहे. मुंबईस त्या वेळी तलाव व विहिरी यांखेरीज पाण्याचा आधार नव्हता. वैशाख लागला की तलावांत चिखल उरे आणि गरिबांच्या बायका पहाटेपासून हंडे घेऊन बसत. १८३० ते १८४० या दशकात फ्रामजींनी धोबीतलावावरील तलाव मोठा खर्च करून नव्याने बांधून काढला. त्याखेरीज गिरगावानजीक मुगभाटातील आपल्या वाडीत त्यांनी विहिरी खणविल्या, त्यांवर वाफेचे यंत्र बसविले, आणि ते पाणी डंकन रोडकडील वस्तीस पोचविण्याची व्यवस्था केली. मुंबईत नळाचे पाणी येण्यापूर्वी एका खाजगी गृहस्थाने यंत्राने उपसून दुसऱ्या मोहल्ल्यास पाणी दिल्याचे हे ठळक उदाहरण आहे. याची वाखाणणी करावी तितकी थोडीच.

साष्टीत एका शेजाऱ्याचा पाट तोडणारा हात आणि मुंबईत हजारो परक्यांस पाणी पाजणारा हात एकच, हे पाहून कोणासही एक गोष्ट रचण्याचा मोह होईल. खटला हरला, मन वरमले, आणि प्रायश्चित्त म्हणून तलाव बांधला, अशी ती गोष्ट. वाचण्यास ती गोड आहे, पण आम्हांस मान्य नाही. पवईच्या विहिरी माल्कमने पाहिल्या त्या दाव्याच्या आधी. म्हणजे पाण्यावर पैसा घालण्याची वृत्ती खटल्याने निर्माण झाली नाही. ती आधीपासून होती व अखेरपर्यंत टिकली. आमच्या मते पाट तोडणे व तलाव बांधणे ही दोन्ही कृत्ये एकाच समजुतीतून निघाली. ती समजूत अशी की पाणी ज्याच्या जमिनीत आहे, ज्याने त्यासाठी पैसा ओतला, ते त्याचे. त्याने ते हवे त्यास द्यावे, नको त्यास अडवावे. मुगभाटातील विहीर त्यांची होती म्हणून ते दाते झाले, आणि विहारचा ओढाही तसाच आपला मानल्यामुळे ते प्रतिवादी झाले. सदर अदालतीने १८३२ मध्ये या समजुतीस पहिला छेद दिला. घेणाऱ्याचाही काही हक्क असतो आणि तो दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसतो, हे त्या निकालाचे तात्पर्य. त्या निकालाचे महत्त्व रमच्या कारखान्याच्या नफ्यातोट्याहून फार मोठे आहे. गंमत एवढीच की तो ज्याच्या पदरात पडला तो कोणी तहानलेला गरीब नसून लाखभर गॅलन रम गाळणारा धनिक होता.

या वादात ज्यांचा आवाज ऐकू येत नाही तेही लोक होते. विहारच्या ओढ्याकाठी भातशेती व भाजीपाला करणारी कुळे, जंगलातील वारली, पवई व तिरंदाजचे शेतकरी. दोन शेटजींनी पाण्याचा न्याय मागितला तेव्हा त्यांच्या वाट्याचा ओढा कितीसा राहिला, हे विचारण्यास कोणी वकील उभा राहिला नाही. फ्रामजींस केवळ लोभी ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते; पण त्यांच्या सुधारणेची मोजदाद फक्त चरक, नीळ व तुतीने करणे हेही पुरेसे नाही.

उत्तरायुष्यात त्यांच्या घराण्याच्या व्यापारास ओहोटी लागली. १८४७-४८ च्या व्यापारी अरिष्टात कलकत्त्याच्या पेढ्या पत्त्यांच्या घरासारख्या कोसळल्या. त्यांत बंधू रुस्तमजींची पेढीही गेली. फ्रामजी १८५१ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे वय ८४ वर्षांच्या घरात होते. भांडुपच्या इस्टेटीस १८४३ मध्ये आलेल्या जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरास मुंबई ठाण्याशी लोहमार्गाने जोडण्याची कल्पना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. ती गाडी सुरू होण्यास फ्रामजींच्या मृत्यूनंतर दोन वर्षे लागली, आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोचली. त्याच १८५४ साली मुंबईस पाण्याचा भयंकर दुष्काळ पडला. शहरातील गुरे माहीमकडे हाकलावी लागली. होड्यांनी व आगगाडीने पाणी आणून विहिरींत ओतले गेले. एकेका दात्याच्या तलावांनी एवढ्या शहराची तहान भागणार नाही, हे त्या उन्हाळ्याने सर्वांस पटवून दिले. १८५६ मध्ये विहारच्या खोऱ्यात धरणाचे काम सुरू झाले व १८६० मध्ये पुरे झाले. ज्या ओढ्याच्या पाटावरून पवई व भांडुप भांडले, तो ओढाच आता शहराच्या मालकीचा झाला. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा, आणि त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील एकामागून एक खोरी मुंबईच्या नळास जोडली गेली. पाणी कोणाचे, जेथे पडते त्यांचे की ज्यांस हवे त्यांचे, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यात आजही विचारला जातो. शहापूरच्या पाड्यांतून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायका तो रोज विचारतात.

फ्रामजींच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून धोबीतलावावर उभारलेल्या इन्स्टिट्यूटात पुढे मुंबईच्या कितीतरी सभा भरल्या. कर्नल ऑल्कॉट यांचे मुंबईतील १८७९ चे व्याख्यान तेथेच झाले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांविषयी गांधींची १८९६ मधील सभाही तेथलीच. पवईत मात्र त्यांच्या उसाचे पेरही उरले नाही. त्यांच्या इस्टेटीच्या जमिनीवर १८९१ मध्ये तलाव बांधण्यात आला, तोच आजचा पवई तलाव. त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले, आणि बागा व कारखाने यांसच ते उपयोगी पडत आले.

शेवटी संग्राहक वाचकांस एक विनंती. साष्टीतील इजाऱ्यांचे मूळ दस्त इंग्रजीत असून सरकारी दफ्तरखान्यात आहेत. त्यांचा शोध कोणासही घेता येईल. परंतु इजारदार आणि कुळे यांच्यातील व्यवहार, कौल, पावत्या, पाटाच्या पाळीचे करार, हे मोडीत लिहिले जात, आणि ते ठाणे, कल्याण व वसई येथील जुन्या कारकुनी घराण्यांच्या रुमालांत निजलेले असतात. जमाखर्चाचे म्हणून ते प्रथम रद्दीत जातात. बखरीचे दोन बंद मात्र जपून ठेवले जातात. ज्यांच्या संग्रही पवई, तिरंदाज, विहार किंवा भांडुप या गावांचा १८१० ते १८६० च्या दरम्यानचा कोणताही कागद असेल, मग तो एका ओळीची पावती का असेना, त्यांनी त्याची नक्कल मंडळाकडे पाठविण्याची कृपा करावी. कागदावरील शिक्का, तिथी व साक्षीदारांची नावे वगळू नयेत.